बायकांच्या वहीतली हॅना

शनिवारची सकाळ होती. मशीनमध्ये चादरी फिरत होत्या, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या आणि मी ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होते. वॉल्टर, माझा नवरा, टेबलावर त्याची निळी वही उघडून बसला होता. अंगात कोपराला भोक पडलेला स्वेटर. म्हणाला, "सुमन, त्या ग्रंथालयात जुन्या वह्या दोन आहेत. पुरुषांची मी वाचली. बायकांची तुझी. चल आज."

"आणि ही मेथी कोण निवडणार? तुझी पणजी?"

"खापरपणजी," तो म्हणाला. हा शब्द त्याला मीच शिकवला होता.

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी लोणचं घालायचं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी बर्फ पडला. मग हॉस्पिटल सुरू झालं आणि त्या हिवाळ्यात वॉल्टर गेला.

मी मूळची साताऱ्याची, शिक्षण दहावीपर्यंत. वॉल्टर अमेरिकेहून आमच्या गावातल्या शाळेत दोन वर्षं विज्ञान शिकवायला आला होता आणि मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायचे. लग्नानंतर मी त्याला "अहो" म्हणायचे. ते लाडाचं नाव आहे असं समजून तोही मला चारचौघांत "अहो" म्हणायला लागला, तेव्हा मी मुकाट्याने नावाने हाक मारायला शिकले. अमेरिकेत, एडिसनला आल्यावर इंग्रजी वाचायला शिकले ती पब्लिक लायब्ररीत, लहान मुलांच्या कपाटापासून सुरुवात करून.

वॉल्टरचे पूर्वज जहाजाने पेनसिल्व्हेनियात आलेले क्वेकर होते. हा एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात पाद्री नसतो, सगळे एकत्र गप्प बसतात, तीच प्रार्थना. ते स्वतःला "मित्र" म्हणवतात. वॉल्टरने कागदपत्रांवरून अकरा पिढ्या जोडत नेल्या होत्या आणि एका सॅम्युएलपाशी तो अडकला होता. त्याच्या मते सॅम्युएलची आई म्हणजे जहाजातून आलेली हॅना, पण पुरावा नव्हता. वहीत सॅम्युएलच्या नावावर एक रेघ, रेघेवर प्रश्नचिन्ह आणि शेजारी पेन्सिलने लिहिलेलं: बायकांची वही, सुमन.

वॉल्टरची ही निळी वही दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती.

आता मी बायकांची वही बघायला निघाले त्याचं खरं कारण सांगते. आमच्या रांगेत तीन घरं सोडून नलिनीताई राहतात. गेल्या महिन्यात त्यांचे यजमान गेले. त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही गेले, वीस जणांचा चहा केला, कप विसळले आणि घरी आले. त्यानंतर गेलेच नाही. बोलण्यासारखं जे जे होतं ते मला दोन वर्षांपूर्वी लोकांचं सांगून झालं होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या खिडकीचे पडदे दिवसाही बंद दिसायचे. मी फिरायला जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागले. एक दिवस माझीच मला लाज वाटली, हाताला काहीतरी काम हवं म्हणून ड्रॉवर उघडला आणि वही काढली. म्हणजे थोडी पळालेच.

लांब नेपरव्हिलला राहणाऱ्या मुलीला, मीराला, फोन केला.

"आई, अलोन? ट्रेनने? वेट कर ना, मी पुढच्या महिन्यात येते, वी'ल ड्राइव्ह."

"पुढचा महिना, पुढचा शनिवार, हे मी एकदा करून बसले आहे."

मग म्हणाली, "ओके. पण ग्रेव्ह सापडली तर फोटो पाठव."

शुक्रवारी सकाळी एडिसनहून गाडी पकडली. ट्रेन्टनला बदलायची, मग फिलाडेल्फिया, तिथून पश्चिमेची लोकल. ज्येष्ठांना न्यू जर्सीच्या गाडीत अर्धं तिकीट, मात्र वयाचा पुरावा जवळ ठेवा. शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर मी पिशवी ठेवली आणि ट्रेन्टनपर्यंत पिशवीवर हात ठेवून बसले.

जुन्या नोंदी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. जाणाऱ्यांसाठी: आठवडाभर आधी ईमेल करून वेळ घ्या. पैसे लागत नाहीत. पिशवी लॉकरमध्ये, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. खायला आत बंदी, म्हणून मी थालीपीठ आणि कोरडी चटणी बाहेरच्या बाकावर खाल्ली. चांगली सावली आहे.

तिथली बाई पिकल्या वेणीची, हसऱ्या तोंडाची. तिने विचारलं, "तुमचे पूर्वज?"

"माझ्या सासरचे."

"तीनशे वर्षांपूर्वीचं सासर! मग भांडणं तरी होत नसतील."

"अजून भेट झाली नाही," मी म्हटलं. ती मोठ्याने हसली आणि मग स्वतःच स्वतःला "शूऽऽ" केलं.

तिने समजावलं की त्या काळी पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी. दर महिन्याला दोन्ही भरायच्या आणि बायका आपली नोंदवही आपल्या हाताने लिहायच्या. महिन्यांना नावं नाहीत, नुसते आकडे, कारण नावं जुन्या देवांची. आणि पहिला महिना जानेवारी नव्हे, मार्च. इथे बरेच लोक चुकतात म्हणे. मला काहीच वाटलं नाही, आपलंही वर्ष चैत्रात सुरू होतं.

बायकांची वही, जुनी बांधणी तुटू नये म्हणून, उशीवर ठेवून समोर आली. पहिला तास एक ओळ लागेना. मग मी माझी युक्ती केली: न कळणारा शब्द कागदावर तसाच्या तसा गिरवायचा. हाताला कळलं की डोळ्याला कळतं. इंग्रजी मी अशीच शिकले होते. दुपारी साडेतीनला हॅना सापडली.

हॅना विधवा झाली होती. तिसऱ्या महिन्याच्या सभेत दोघी जणींना नेमलं: तिच्याकडे जा, कशी आहे बघा, येऊन सांगा. चौथ्या महिन्यात त्यांनी येऊन सांगितलं की हॅना आणि तिचा लहान मुलगा सॅम्युएल यांच्या घराचं छप्पर गळतं आणि सरपण संपलं आहे.

सॅम्युएल. मी ती ओळ चार वेळा वाचली. मग वॉल्टरच्या वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि रेघेवर लिहिलं: हॅना. हे व्हायला दोन मिनिटं लागली. मान वळवून सांगायला शेजारी कोणी नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

काम खरं तर झालं होतं. तरी शनिवारी पुन्हा गेले, मला हॅनाचं पुढे काय झालं ते हवं होतं. पाचव्या महिन्यात सरपण पोचलं. सहाव्या महिन्यात दोघी जाऊन आल्या. सातव्या महिन्यात जाऊन आल्या. पुढे छप्पर नाही, सरपण नाही, काहीच मागणं नाही, तरी दर महिन्याला तेच: जाऊन आल्या. त्या दोघी तिच्याशी काय बोलल्या याबद्दल वहीत अक्षर नाही. दीड वर्ष असं चाललं आणि हॅनाचं नाव वहीतून गेलं. मला वाटलं, मेली. पानं उलटत राहिले. वही बंद व्हायच्या वेळेला ती पुन्हा भेटली. दुसऱ्या कोणा बाईचा नवरा गेला होता, तिच्याकडे जायला दोघी नेमल्या होत्या. त्यातली एक हॅना.

रविवारी हॅनाच्या गावी गेले. स्टेशनवरून बस नाही, टॅक्सी आधीच सांगून ठेवा, परतीचीसुद्धा. दोन्ही रात्री मुक्काम कॉलेजच्या स्टेशनजवळच्या मोटेलमध्ये केला होता. स्वच्छ होतं, पण चहा अगदीच पाणचट. पावडर घरून न्या.

प्रार्थनाघर म्हणजे दगडी भिंती आणि लाकडी बाकं. मूर्ती नाही, क्रूस नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. दारात रूथ नावाच्या पंचाऐंशीच्या बाई भेटल्या. मी त्यांना मॅडम म्हणाले तर म्हणाल्या, "नुसतं रूथ. आमच्यात मॅडम-सर नसतं, राजाला पण नव्हतं."

तासभर सगळे गप्प बसले. चौदा माणसं. कुणीतरी खोकलं, बाहेरून एक ट्रक गेला. दोन वर्षं माझ्या घरात शांतताच आहे आणि ती मला खायला उठते. ही तशी नव्हती. बाकावर माझ्या एका बाजूला रूथ होत्या, त्यांच्या श्वासाचा बारीक आवाज येत होता.

नंतर मी कशासाठी आले ते त्यांना सांगितलं, वॉल्टर आता नाही हेही, आणि त्यांनी मागचं कबरस्तान दाखवलं. अलीकडच्या भागात गुडघ्याएवढे दगड. पलीकडे नुसतं गवत, उतारापर्यंत.

"जुने लोक तिथे आहेत," रूथ म्हणाल्या.

"हॅना कुठे असेल?"

"ते कुणालाच माहीत नाही. दगड लावणं म्हणजे मिरवणं, असं त्यांना वाटायचं. नवरा कधी गेला तुझा?"

"दोन वर्षं झाली."

गवताच्या कडेला एक बाक होता, रूथ त्यावर जाऊन बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली. टॅक्सी येईपर्यंत आम्ही तिथे बसून होतो.

मीराला फोटो पाठवला. तिचा लगेच मेसेज आला: "आई, हे तर फक्त गवत आहे, बाय मिस्टेक क्लिक झालं का?" मी लिहिलं, नाही, हेच.

संध्याकाळी एडिसनला उतरले. घर होतं तसंच होतं. निळी वही ड्रॉवरमध्ये न ठेवता टेबलावर ठेवली, वॉल्टरच्या खुर्चीसमोर. वॉल्टरला हॅना हवी होती ती मिळाली. ती मिळाली तेव्हा तो नव्हता, हे काही त्या वहीने बदललं नाही. तुमच्या घरात कोणी "चल" म्हणत असेल तर मेथी राहू द्या, एवढंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी तीन घरं चालत गेले आणि नलिनीताईंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. मी आत जाऊन त्यांच्याशेजारी बसले.