आक्काचं हक्कसोड

आमच्याकडे बहिणीने जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावाने तिला साडीचोळी करायची, ही रीतच. सही न करणारीचं माहेर तुटतं. थोरल्या आक्काने पौडच्या कचेरीत येऊन सही केली तेव्हा मी जरीकाठाची साडी घेतली आणि उपकार केल्यासारखा मिरवलो. तिने एवढंच मागितलं, "आपल्या खाचरातला तांदूळ तेवढा धाडत जा रं दरसाल."

खाचर नेऱ्याला. वडील गेल्यावर मी नोकरीमागे हिंडत होतो, तेव्हा दोन पावसाळे तिनेच येऊन भातलावणी उरकली होती. दर दिवाळीनंतर मी पोतं घेऊन मुठ्याला तिच्या सासरी जायचो. ती लगेच शेजारणींना हाक मारायची, "माज्या म्हायेरचा इंद्रायणी हाय!"

मग मी खाचर विकलं. तिच्या सहीशिवाय ते विकताच आलं नसतं. तिला सांगायची हिंमत झाली नाही. पिरंगुटच्या दुकानातून तांदूळ घेतला, घरच्या जुन्या पोत्यात भरला आणि नेला. तिने तशीच शेजारणींना हाक मारली. एकदा खपलं म्हणून दुसऱ्यांदा, अशी पाच वर्षं. निर्लज्जपणाचीही सवय होते.

आक्काची लेक लवळ्याला कॉलेजात शिकते. एका मैत्रिणीकडे नेऱ्याला आली, खाचरावरची इमारत पाहिली आणि तिथूनच मला फोन केला. "मामा, हे राँग आहे."

राँग म्हटलं की मला नंबर आठवतो, नाहीतर हिंजवडीत उलट्या बाजूने घुसलेली मोटरसायकल. सॉरी म्हणायचं, पुढे जायचं. मी विचारलं, "चूक म्हणतेस की अन्याय?"

"इंग्रजीत दोन्हींना तो एकच शब्द चालतो. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत. आईला मी सांगणार नाही, तुम्ही सांगा."

मनातल्या मनात मी त्याला चूकच म्हणत आलो होतो. चूक आपोआप होते, तिला कर्ता लागत नाही. पण त्या पोत्याचं तोंड दरवर्षी मीच शिवत होतो.

त्या दिवाळीनंतर रिकाम्या हातांनी मुठ्याला गेलो. आक्का अंगणात वाल सोलत होती. सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाय मला. पयल्याच वर्साला कळलं. भात शिजला, पर वासच न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू यायचा बंद झाला असतास. वर्साला एकदा तोंड तरी दिसत व्हतं तुजं."

मला रडू आवरेना. तिनेच उठून पाणी दिलं. निघताना म्हणाली, "फुडल्या साली बी ये. मोकळाच ये."

मी हो म्हणालो.

त्याला दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही वेळा गाडी काढली, पिरंगुटपर्यंत गेलो आणि माघारी फिरलो. मुठ्याला मी अजून गेलेलो नाही.