मामा येईपर्यंतचं गाणं

रोहनचा फोन आला तेव्हा मी मुरबाडजवळ भावाच्या घरी, पुतण्याच्या हळदीच्या मांडवात होते.

"मॅडम, टेस्टरने परत म्युझिक म्यूट केलं."

रोहन पुण्याच्या एका गेम कंपनीत प्रोड्यूसर आहे. मी शहापूरला घरी बसून गेमचं संगीत करते. टेस्टर म्हणजे गेम बाजारात येण्याआधी खेळून चुका काढणारा माणूस. त्यानेच आवाज बंद केला की माझं काम फुकट.

लेव्हल होती धुक्यातला किल्ला चढायची. सराईत खेळाडू झटकन वर पोचतो. नवखा वाट चुकून घुटमळत राहतो. संगीत किती वेळ पुरवायचं ते आधी कळत नाही, म्हणून लूप करतात. म्हणजे एकच तुकडा, संपला की परत पहिल्यापासून. माझा लूप ऐकायला छान होता. सारखा ऐकला की डोक्यात जायचा.

"सोमवारपर्यंत बघा," रोहन म्हणाला. "नाहीतर सर अख्खा गेम दुसऱ्या कोणाला देतील."

"देते," मी म्हटलं. कसं, ते माहीत नव्हतं.

मांडवात निराळीच अडचण. नवरदेव पाटावर बसलेला आणि मामाचा पत्ता नाही. आमच्या घरात पहिली हळद मामा लावतो. मामी सकाळीच आली होती. मामाची गाडी खर्डीजवळ बंद पडली होती. बायकांनी गाणं तर सुरू केलं होतं, आणि सुरू केलेलं गाणं हळद लागेपर्यंत तोडायचं नसतं.

मग माझ्या बनाआत्याने ते लांबवलं. आधी देवांची नावं, मग घरच्यांची, मग शेजाऱ्यांची. नावं संपली तशी ती गाडीवर घसरली.

'मामाच्या गाडीला बैल जोडा, बैल नाय तर मामीला जोडा.'

मामी तोंडाला पदर लावून हसत होती. बाकीच्या बायकांनी ओळ उचलली, तेवढ्यात मी आत्याला विचारलं, "अजून किती पुरवशील?"

"मामा म्हातारा होईस्तवर. तुला काय घाई गो? बस नायतर पापड तळ."

मामा मांडवाच्या दारात दिसला. आत्याने चालू ओळ पुरी केली आणि त्याच सुरात थेट हळदीच्या ओळीवर आली. सांधा कुठे ते मलाही कळलं नाही, आणि सांधे जोडणं हा माझा धंदा आहे.

पापड तसेच टाकून मी शहापूर गाठलं. लांब लूप मोडून छोटे तुकडे केले. प्रत्येक तुकडा एकाच सुरावर संपवला, म्हणजे त्यापुढे कोणताही जोडता येतो. खेळणारा रेंगाळला की गेम नवा तुकडा उचलतो. फारच रेंगाळला तर सनई त्याची टर उडवते. किल्ल्याचा दरवाजा दिसला की चालू ओळ पुरी करून थेट शेवट.

सोमवारी रोहनचा फोन. "मॅडम, नवीन प्रॉब्लेम."

"म्यूट केलं?"

"नाही. टेस्टर पायरीवर नुसता उभा आहे. म्हणतो, सनई पुढे काय बोलते ते ऐकू दे."

"सर काय म्हणतात?"

"बाकीच्या लेव्हलपण तुम्हीच करा म्हणाले. फक्त टोमणे जरा कमी."

तेव्हापासून नवं काम आलं की संगीत किती लांब हवं हे मी विचारत नाही. कोण उशिरा येणार आहे, तेवढं विचारते.