दांड्याला डाग पडेल म्हणून

"मॅडम, हा दवाखान्यातला दांडा माझ्या घरात लावायचा नाय. लावायचाच आसंल तर आधी मला ॲडमिट करा."

बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसलेले आप्पा बोलत होते. आत मी, त्यांचा मुलगा प्रशांत, सून वैशाली आणि माझे फिटर शरीफभाई असे चौघं उभे होतो. चौघांची मीटिंग भरू शकते म्हणजे बाथरूम किती प्रशस्त झालं होतं ते कळेल. शरीफभाईंच्या हातात ड्रिल मशीन होतं. मालक मंडळींचं एकमत होईपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहतात. या धंद्यात त्यांचे केस अशा वाट बघण्यातच पांढरे झाले.

मी इंटिरियर डिझायनर आहे, ऑफिस उस्मानपुऱ्यात. माझं काम म्हणजे भिंतींचे रंग आणि सोफ्याची कापडं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात माझं निम्मं आयुष्य हँडल, नॉब, बिजागऱ्या आणि कड्या यांत गेलं. माणूस बंगल्याचा नकाशा चहा संपायच्या आत पास करतो. किचनच्या ड्रॉवरला कुठलं हँडल लावायचं, यावर मात्र त्याच घरात महिनाभर अबोला चालतो.

प्रशांतचं वाळूजला वर्कशॉप आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवतो. शहराच्या कडेला सातारा परिसर नावाची वस्ती आहे, तिथे त्यानं बंगला बांधला. आप्पा मूळ गंगापूर तालुक्यातले, मोठे शेतकरी. गावात बांधावरून भांडण झालं की दोन्ही बाजूंची माणसं अजूनही जीपमध्ये बसून आप्पांकडे येतात आणि आप्पा म्हणतील ते मानून परत जातात. पत्नी गेल्यापासून आप्पा मुलाकडे राहायला आले. त्यानंतर त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, डाव्या पायातली ताकद मात्र कमी झाली. जुन्या फ्लॅटमध्ये आंघोळीच्या वेळी ते एकदा घसरले होते. पुन्हा पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूण सुटणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. नव्या बंगल्यातल्या बाथरूममध्ये धरायला दांडे लावा, हेही त्यांनीच सांगितलं.

या दांड्याला आमच्या भाषेत ग्रॅब बार म्हणतात. दिसायला तो टॉवेल रॉडचा भाऊ, पण गुणांनी वेगळा. टॉवेल रॉड टॉवेलापुरता असतो. घसरताना त्याला धरलं तर तो भिंतीतून निघून तुमच्यासोबत खाली येतो. ग्रॅब बार भिंतीत खोलवर अँकर बोल्टनं बसवतात आणि तो माणसाचं पूर्ण वजन पेलतो. प्रशांतनं आणलेला दांडा मजबूत होता, त्याबद्दल वाद नाही. पण जाड, पांढरा, खडबडीत. तो बघितला की डेटॉलचा वास आल्यासारखं वाटायचं.

आप्पांची अडचण खरी होती. गावची माणसं आली की हात-पाय धुवायला आत जाणार. दांडा दिसला की परतीची जीप गावात पोचायच्या आत बातमी पोचणार, की आप्पाचं आता काही खरं नाही. मग बांधाचे निवाडे दुसऱ्या कुणाकडे जाणार.

प्रशांत वैतागला होता. त्याचा दुसरा उपाय तयारच होता. नर्सिंग ब्युरोतून एक माणूस ठेवायचा, तो आप्पांना रोज आंघोळ घालेल, आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी नको, म्हणजे प्रश्नच मिटला. वडिलांसमोर हे असं सांगणारा मुलगा वर्कशॉपमध्ये कामगारांशी किती हळुवार बोलत असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आप्पा त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "परक्या माणसानं मला आंघोळ घालायची ती एकदाच. आन् तवा मला कळणार नाय."

शरीफभाईंनी ड्रिल मशीन खाली ठेवलं. मला त्या क्षणी प्रशांतचा फार राग आला आणि आप्पांची बाजू घ्यायची हे माझं ठरून गेलं. डिझायनरनं घरच्या भांडणात पडू नये असं शिकवतात. शिकवणाऱ्यांनी माणसं राहत असलेली घरं बहुतेक केलेली नसावीत.

मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली कडीची. बाथरूमसाठी एक लॉक मिळतं, आत खटका असतो आणि बाहेरच्या बाजूला बारीक खाच. आतल्या माणसाला काही झालं तर बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवायचं, दार उघडतं. आप्पांनी विचारलं, चावी कुणाकडे राहणार. मी म्हटलं, चावी नसते, रुपयाचं नाणं चालतं.

"म्हंजी आपली इज्जत रुपयावर आली," आप्पा म्हणाले. पण लॉक मान्य झालं.

दुसरी गोष्ट दांड्याची. आतून स्टील, वरून जुन्या पितळेसारखं फिनिश, दोन्ही टोकांना कमळाच्या पाकळ्या, असा ग्रॅब बार मी मागवला. वजन पेलायला पहिल्याइतकाच दणकट. बघणाऱ्याला वाटावं, बाईसाहेबांनी हौसेनं काहीतरी लावलंय. आप्पांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, ह्याला काय हरकत नाय. शरीफभाईंनी बसवला आणि आपलं सगळं वजन टाकून त्याला लोंबकळून दाखवलं.

"दीवार गिरिंगी मॅडम, पर ये नै हिलता," ते म्हणाले.

मी माझ्या हुशारीवर खूश होते. एका दांड्यात डॉक्टरची सोय, आप्पांची अब्रू आणि वैशालीची हौस, तिन्ही बसवल्या होत्या.

वैशालीच्या हौसेबद्दल सांगायला हवं. बाई मनानं चांगली, सासऱ्यांचं पथ्यपाणी मनापासून करणारी. पण मोबाइलवर घरं बघून बघून तिची नजर फार वर गेली होती. कपाटांना काचेचे पैलूदार नॉब, देवघराला घंटेच्या आकाराची हँडल, जिन्यात पाय टाकला की लागणारे दिवे. सगळे ड्रॉवर आणि झाकणं सॉफ्ट क्लोज, म्हणजे ढकलून दिलं तरी आवाज न करता सावकाश मिटणारी. त्या घरात भांडण झालं तर राग काढायला आपटता येईल असं एकही दार मी शिल्लक ठेवलं नव्हतं. कितीही जोरात लोटा, ते आपलं विचार करत करत मिटतं.

आणि या सगळ्यावर प्लास्टिक. कारखान्यातून येताना हँडलवर पातळ फिल्म चिकटवलेली असते, वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून. माल बसवला की ती काढून टाकायची असते. आमच्याकडे ती काढत नाहीत. फ्रिजच्या दारावर असते, गाडीच्या सीटवर असते, रिमोटवर तर वरून दुसरी पिशवी चढवतात. वास्तुशांतीचा मुहूर्त निघतो, प्लास्टिक काढायचा मुहूर्त अजून कुठल्या पंचांगात सापडलेला नाही. माझ्या हातची कितीतरी घरं आजही पॅकिंगमध्ये नांदत आहेत.

वास्तुशांतीला मी गेले होते. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना बंगला दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. देवघर, किचन आणि मग आप्पांचं बाथरूम. गावच्या मंडळींनी पितळी दांड्याचं तोंडभरून कौतुक केलं. एकानं विचारलं, हा कशाला? आप्पा म्हणाले, शोभेला. वैशालीनं लगेच सांगून टाकलं, की आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, क्षाराचा थेंब वाळला तरी पितळेवर पांढरा डाग पडतो, म्हणून फिल्म काढलेली नाही आणि कुणी ओला हात लावायचा नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं तो धरायलाच लावलाय. ती म्हणाली, हो मॅडम, लागला की धरतीलच ना आप्पा, उगाच रोज कशाला खराब करायचा.

पुढे काही आठवड्यांनी सकाळी प्रशांतचा फोन आला. आप्पा बाथरूममध्ये पडले होते. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, की दांडा भिंतीतून निघाला. तसं झालं असतं तर मी पुन्हा कुणाच्या घराला खिळासुद्धा मारला नसता. शरीफभाईंना फोन केला, ते खुलताबादहून कामावर यायला आधीच निघाले होते. मी पोचले तेव्हा ते दारातच भेटले आणि दोघंही आत गेलो.

प्रशांतनं बाहेरून नाणं फिरवून दार उघडलं होतं आणि आप्पांना पलंगावर आणून बसवलं होतं. कोपर सोललेलं, उजवं मनगट सुजून बांधलेलं. हाड मोडलं नव्हतं, डॉक्टर बघून गेले होते. मी आधी बाथरूममध्ये जाऊन दांडा बघितला. जागच्या जागी, चकचकीत, अंगावर फिल्म तशीच, वर पाण्याचा एक थेंबही नाही. शरीफभाईंनी तो हलवून बघितला आणि सुस्कारा सोडला.

"आप्पा, दांडा हाताशी होता. धरला का नाही?" मी विचारलं.

"स्टुलावरून उठताना पाय सरकला. दांडा दिसला की. पर हाताला साबण व्हता." आप्पांनी सुनेकडे बघितलं. "डाग पडला आसता."

म्हणून त्यांनी बादली धरली होती. बादली त्यांच्यासोबत आडवी झाली. पडता पडता माणसाला एवढा विचार करायला वेळ मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

प्रशांतचा निर्णय झालेला होता. ब्युरोला फोन केलेला, दुसऱ्या दिवसापासून माणूस येणार. लॉक आजच काढून टाका, असं त्यानं शरीफभाईंना फर्मावलं. गावाच्या भांडणांत शेवटचा शब्द बोलणारा माणूस भिंतीकडे बघत गप्प बसला होता. मला ते बघवेना.

मी वैशालीकडे भांडी घासायची तारेची घासणी मागितली. तिनं आणून दिली, तिला वाटलं मला फरशीवरचा साबण घासायचाय. मी बाथरूममध्ये गेले आणि दांड्यावरची फिल्म टराटरा ओढून काढली. मग घासणी घेऊन दांडा मधोमध खसाखसा घासायला सुरुवात केली. वैशाली मागून ओरडली. प्रशांत म्हणाला, मॅडम, काय करताय हे. मी थांबले नाही. वरचा पितळी मुलामा उडाला, आतलं करडं स्टील दिसायला लागलं, हाताची मूठ बसेल एवढा पट्टा पार विद्रूप झाला. खरं सांगायचं तर त्यात माझाही थोडा राग निघाला.

मला त्या घरचा हिशेब कळला होता. आपल्या माणसानं नवी मोटारसायकल घेतली की पहिला ओरखडा पडेपर्यंत मालक गाडीला जपतो. एकदा ओरखडा पडला की दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर गव्हाचं पोतं टाकून दळायला जातो. दांड्यावर तो ओरखडा कुणीतरी पाडायलाच हवा होता. शिवाय खरखरीत झालेल्या जागी साबणाचा हातही सटकत नाही.

मी आप्पांना हाताला धरून आणलं आणि दांडा दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग चांगल्या हाताची बोटं त्या खरखरीत पट्ट्यावर फिरवली.

"आता काय ऱ्हायलं ह्याचं," ते म्हणाले. "आता धराया काय हरकत नाय."

त्यांनी मूठ आवळली, वजन टाकलं, स्टुलावर बसले आणि दांडा धरून उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. प्रशांत दारात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा पडला होता आणि डोळे भरून आले होते. रागावलेला मुलगा खरं तर घाबरलेला होता, हे मला तेव्हा दिसलं आणि त्याच्यावरचा माझा राग गेला.

आप्पांनी पाणी काढायला सांगितलं. सकाळची आंघोळ अर्धवट राहिली होती, ती पूर्ण करायची होती. सुजलेल्या मनगटाला वैशालीनं प्लास्टिकची पिशवी बांधली. घरातलं प्लास्टिक पहिल्यांदाच योग्य जागी गेलं. आप्पा आत गेले, दार लावलं, आतून खटका फिरला. आम्ही चौघं बाहेर उभे. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. प्रशांतनं दाराला कान लावला.

आतून आवाज आला, "दाराशी कोन उभं हाय? जावा की आपापल्या कामाला."

प्रशांत बाजूला झाला. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि ब्युरोवाल्याला सांगितलं, माणूस पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला, दांड्याची वॉरंटी आहे का, आणि त्यात घासणीचे ओरखडे येतात का. मी नाही म्हटलं. मग तिनं विचारलं, अजून एक तसाच दांडा जिन्यात बसवून मिळेल का. आप्पांनी मागितला होता, पण दुकानातून आणतानाच घासून आणा म्हणाले होते.

घरात सोयीची वस्तू बसवली की डिझायनरचं काम संपलं, असं कोर्सच्या पुस्तकात आहे. पण ती वस्तू वापरलेली चालते, हे घरच्यांना पटेपर्यंत ती भिंतीवरची शोभा असते. ते पटवून देणारं हत्यार आमच्या धंद्यात अजून निघालेलं नाही. तोवर मी पर्समध्ये मेजर टेपशेजारी तारेची घासणी ठेवते.