‘चारा’ आला की पान उलटायचं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, शाळेतल्या बायांजवळ तर नाहीच नाही. नागमणीचं नाव निघालं की मी विषय बदलायची. आज बदलत नाही — एवढंच.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी पहिली-दुसरीच्या पोरांना वाचायला शिकवत होते. शिकवत होते — म्हणजे काय करत होते? धड्यातली ओळ मी म्हणायची, पोरांनी माझ्यामागं म्हणायची, पुस्तकावर बोट फिरवायचं. झालं वाचन! वर्ग मोठा होता, निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, बाप मागावर, आई विड्या वळायला. पण शेजारच्या वर्गातल्या बाईंची पोरंही तसलीच होती की, आणि ती वाचायची. त्या बाई एकेक अक्षर सुटं करून पाटीवर गिरवून घ्यायच्या. मला तेवढा दम नव्हता. मी तापट, घाईची.

नागमणी माझ्या दुसरीच्या वर्गातली, विणकराची पोर. कान असा तिखट, की धडा दोनदा ऐकला की पाठ. पुस्तक उघडून, बोट फिरवत असं खणखणीत म्हणायची, की ऐकणाऱ्यानं म्हणावं — अगं बाई, काय वाचते पोर! मीही तेच म्हणत होते. मग एकदा सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय गं? तिनं आपलं बोट परत धड्याच्या सुरुवातीला नेलं. मग पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत तो शब्द ओलांडून तशीच पुढं गेली.

म्हणजे पोरीला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हाच तिला घेऊन बसायला हवं होतं — होतं की नाही? पण तपासणी तोंडावर आली होती, आणि मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते.

तपासणीचे साहेब एखाद्या पोराला उभं करून वाचायला लावत. मी नागमणीला उभं करायचं ठरवलं. अडचण एकच — गाईचा धडा दोन पानांवर होता, आणि पान कुठं संपतं हे तिला कसं कळणार? मग मी तिला शिकवलं : ‘चारा’ हा शब्द आला की पान उलटायचं. दुपारच्या सुट्टीत जवळ बसवून रोज घोटून घेतलं. तेवढ्या वेळात तिला अक्षरं आली असती हो.

साहेब खूश झाले. शेरा चांगला मिळाला, मी कायम झाले. तपासणीच्या वेळी दाराशी पालक उभे होते, त्यात तिचा बापही होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः विणलेला टॉवेल आणून दिला. मी घेतला.

तिसरीत ती दुसऱ्या गुरुजींकडं गेली. नवं पुस्तक, नवे धडे, आणि गुरुजी आधी ओळ म्हणून दाखवणारे नव्हते. पोरगी पहिल्याच ओळीला अडली. गुरुजींनी तक्रार केली, मुख्याध्यापकांनी तिला आणि तिच्या बापाला बोलावलं, मलाही बोलावलं.

बाप म्हणाला, “असं कसं हो सर? सायबासमोर वाचली की पोरगी. बाईला विचारा की.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात नागमणीनं काय केलं — डावा तळहात पुढं धरला, त्यावर उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि गाईचा धडा सुरू केला. एक शब्द चुकला नाही. ‘चारा’ आला. तिनं तळहात पालथा केला आणि पुढचं म्हणायला लागली.

मुख्याध्यापक अजून माझ्याकडंच बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? — मगापासून मी ह्याच्याच भोवती फिरतेय — मी म्हणाले, “बघा सर, नुसतं पाठ केलंय हिनं. मलासुद्धा फसवलं.” आवाज नेहमीचा, वर्गातला.

नागमणी मधेच थांबली. बाईंनीच शिकवलंय, असं ती म्हणाली नाही. बापानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मला हात जोडले. “चुकलं बाई. आमची पोर असं करंल वाटलं न्हवतं.”

त्यानंतर ती शाळेत आली नाही. त्यांच्या गल्लीतून जाताना दिसायची, आईशेजारी उंबऱ्यात बसून विड्या वळताना. मला बघून उठून उभी राहायची, आणि मी चालत राहायची.

तिच्या बापाचा टॉवेल चांगला निघाला. विरेपर्यंत वापरला मी तो.