शपथेचं दुसरं वाक्य

रूसोस मेंढपाळ कशाला म्हणून भ्यायचा नाही. बर्फात अडकलेल्या मेंढीसाठी तो कड्यावरून दोर सोडून खाली उतरायचा, आणि वर येऊन काही झालंच नाही अशा थाटात वाळका पाव चघळत बसायचा. पण वरच्या गावातल्या चर्चमध्ये घोड्यावर बसलेला आमचा संत, आय-यॉर्गी, त्याच्या तसबिरीसमोर उभं राहायचं म्हटलं की हा दांडगोबा दाराशीच रेंगाळायचा. लहानपणी आईचं बोट धरून पहिल्यांदा तिथं गेला, तेव्हा दिव्याच्या उजेडात त्याला घोडा हललेला दिसला होता. साठी उलटली तरी गडी ऐकायला तयार नव्हता. "हललाच होता," म्हणायचा, "तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा."

आमच्या क्रीटच्या डोंगरात मेंढी चोरीला गेली तर पोलिसांकडे कोण मरायला जातो? ज्याच्यावर संशय, त्याला आय-यॉर्गीसमोर उभं करायचं. त्यानं तसबिरीवर हात ठेवून दोन वाक्यं बोलायची. मी चोरलं नाही. कुणी चोरलं ते मला ठाऊक नाही. बोलला की सुटला. पुढं जन्मात कुणी त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं नाही. खोटं बोलला तर काय होतं, ते आमच्यात कुणी तोंडातून काढतसुद्धा नाही.

त्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर वरच्या गावातल्या वार्डिसचा मेंढा गेला. साधासुधा नव्हे, कळपाच्या पुढं चालणारा, गळ्यात वार्डिसच्या बापाची घंटा असलेला. ती घंटा शेवटची ऐकू आली रूसोसच्या मेंढवाड्याजवळ. वार्डिस आणि रूसोस लहानपणापासूनचे सोबती, उन्हाळ्यात एकाच कढईत चीज करणारे. तरी वार्डिसनं निरोप धाडला: रविवारी चर्चमध्ये ये.

रूसोसची बायको कालित्सा उखडलीच. "मेल्याला लाज नाही वाटली? जा तू. चोरलंयस का? नाही ना? मग ठेव हात आणि जेवायला घरी ये."

"पहिलं वाक्य सोपं आहे गं," रूसोस म्हणाला.

कालित्साच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "म्हणजे तुला ठाऊक आहे? कोण रे?"

"तुला सांगितलं तर उद्या तुलाही तिथं उभं राहता यायचं नाही."

मेंढा गेला त्या पहाटे त्यानं आपल्या मेंढवाड्याजवळच धुक्यात सगळं पाहिलं होतं. वार्डिसचा सख्खा मुलगा स्त्रातिस, घंटेत गवत कोंबून मेंढा गाडीत चढवत होता. बाप चारचौघांत म्हणायचा, याला मेंढी आणि बोकड यातला फरक कळत नाही. म्हणून बापाची एकदा जिरवायची, त्याचाच मेंढा दोस्तांबरोबर फस्त करायचा, एवढाच त्याचा डाव. पण आळ रूसोसवर आला आणि पोराची दातखीळ बसली. आता रूसोसनं दोन्ही वाक्यं बोलावीत तर संताच्या तोंडावर खोटं, गप्प बसावं तर चोर, आणि खरं सांगावं तर वार्डिस पोराला घराबाहेर काढणार. घरात स्त्रातिसचं तान्हं बाळ, अजून नावसुद्धा न ठेवलेलं.

रविवारी रूसोस खालच्या गावातून चढण चढून वर गेला. चौकातल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला बघून तोंडं फिरवली. एरवी हात धरून राकी पाजणारे, पण कुणी बस म्हणालं नाही. चर्चमध्ये पाद्री होते, वार्डिस होता, आणि बापाच्या मागं भिंतीला टेकून स्त्रातिस.

रूसोसनं तसबिरीवर मढवलेल्या चांदीवर हात ठेवला. संताचे डोळे थेट त्याच्याकडे बघत होते. बाप रे, काय ते डोळे!

"मी चोरलं नाही." आवाज खणखणीत निघाला.

"पुढं बोल," पाद्री म्हणाले.

"कुणी चोरलं ते..." दिव्याची ज्योत थरथरली आणि घोडा हलला. त्यानं हात काढून घेतला. "नाही जमत मला, वार्डी. म्हण मला चोर."

वार्डिस शिवी हासडायच्या बेतात होता, पण थांबला. पहिलं वाक्य या माणसानं न अडखळता म्हटलं होतं. म्हणजे तो कुणाला तरी झाकत होता. आणि त्याची मान! जमिनीकडे बघत होता, दाराकडे बघत होता, पण स्त्रातिस उभा होता त्या बाजूला मान वळवत नव्हता.

वार्डिस सावकाश मागं फिरला. "तू ठेव हात," तो मुलाला म्हणाला.

स्त्रातिसनं हात उचलला. तो तसबिरीपर्यंत पोचलाच नाही. "बाबा," तो हुंदका देत म्हणाला, "घंटा माझ्या खाटेखाली आहे."

वार्डिसचा हात वर गेला, तसा रूसोस मध्ये घुसला. "इथं नको रे! तो बघतोय."

वार्डिसनं हात खाली घेतला. मग वार्डिसनं टोपी काढली. ज्याच्या डोक्यावरची टोपी गावानं कधी उतरलेली पाहिली नव्हती, असा माणूस तो.

"नातवाला बाप्तिस्म्याच्या पाण्यात तू धर," तो म्हणाला. "धर्मपिता हो त्याचा. या नालायकाला जन्मभर तुझ्या पाया पडावं लागू दे."

बाप्तिस्म्याला दोन्ही गावं लोटली. पाद्रींनी धर्मपित्याला बाळाचं नाव विचारलं; ते ठेवायचा मान त्याचाच. ओलं, किंचाळणारं पोर छातीशी धरून रूसोस म्हणाला, "वार्डिस." म्हातारा आजोबा टोपीत तोंड खुपसून रडला.

बाहेर आल्यावर कालित्सानं कोपरखळी मारली. "काय रे, आज हलला का घोडा?"

"नाही," रूसोस म्हणाला. "आज नीट बघितलं मी. गप उभा होता."