उशाखालचा चाकू

दिग्रसला माझं चाकू-सुऱ्यांचं लहानसं दुकान आहे. वडील पात्याची शेपटी मुठीच्या पितळी टोपीत कथलाचा डाक देऊन पक्की करायचे. मी इपॉक्सीचा गोंद वापरतो. दोन नळ्यांतलं सारखं घ्यायचं, कालवायचं, रात्रभर सुकू द्यायचं, झालं. ना धूर, ना तेजाब. डाकच टिकतो असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो, ओढून दाखवा, चाकू फुकट न्या. अजून कुणी नेलेला नाही.

मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा बायकोनं तिच्या उशाखाली मी केलेलाच नवा चाकू ठेवला. बाळंतिणीजवळ लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नाही. पण तिचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं, म्हणून गप्प बसलो.

बाळ झाल्यावर एका सकाळी बायकोनं आत बोलावलं. मूठ उशाखालीच होती. पातं बाळाच्या पायाशी, दुपट्याच्या घडीवर पडलेलं. बाळ शांत झोपलं होतं. मुलगी भिंतीला पाठ लावून बसली होती.

"म्या हात नाही लावला, बाबा," ती म्हणाली. "कोणं वढलं?"

मला आधी रागच आला. बाजेखाली शेकाची शेगडी होती. "कोणी नाही वढलं. हे चिकट धगीनं नरम पडते. पातं सुटलं अन् तू कूस बदलली तसं घरंगळलं. दाखवतो तुले."

"दाखवाच. नाही तं मी डोयाले डोया लावत नाही. पयल्याच्या वक्ती मले झोपच लागलती."

हातच्या कांकणाला आरसा कशाला. त्या चाकूसोबत एकाच दिवशी, त्याच नळ्यांनी जोडलेला दुसरा चाकू मी अंगणात तीच शेगडी आणून तिच्यावर धरला. पितळाला बोट लावता येईना. उशाखाली याच्या निम्मीही धग नसणार. मूठ फडक्यात धरली, पातं पकडीत धरलं आणि जोर लावून ओढलं. हललं नाही. निखारे वाढवले. लाकूड करपल्याचा वास आला. पुन्हा ओढलं. पातं तसंच. पाठीवर ऊन होतं, तरी अंगावर काटा आला. मी भ्यालो, खरंच भ्यालो.

"बाबा, सुटली काय मूठ?" तिनं आतून विचारलं.

"सुटली. हात लावल्याबरोबर," मी म्हटलं. "झोप तू आता."

तिला डोळा लागल्यावर मी बाजेजवळ जाऊन बसलो. बारसं होईपर्यंत दुकान उघडलं नाही.