हाताला नका धरू!

ती घटना आठवली की आजही अंगात तरतरी येते आणि पाठोपाठ कान गरम होतात. मी तेव्हा पेणला पोलीस निरीक्षक होतो. गणपती दहा दिवसांवर आलेले. हमरापूरच्या एक कारखानदार बाई धापा टाकत ठाण्यात आल्या. "साहेब, भर दुपारी, माणसं जेवायला गेली तेवढ्यात टेम्पोभर मूर्ती उचलल्या हो! गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?"

संशय कुणावर, विचारलं तर सगळा गाव एका सुरात बोलला. कारखान्यात माती मळणारा, डोंगराकडच्या आदिवासी वाडीतला एक मजूर. बाई म्हणाल्या, "तोच असणार. उद्यापासून वाडीतलं एकही माणूस मला कामाला नको." पुरावा? शून्य! पण मीही मान डोलावली आणि त्याला आणून चौकशीला बसवलं. तो एवढंच म्हणे, "नाय साहेब, मी नाय. माझ्यापायी वाडीचं काम नका तोडू." मला वाटलं, कसलेला आहे लेकाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याहून खबऱ्याचा फोन आला. एका बंद शेडमध्ये गणपती आहेत! गाडी अशी दामटली की नागोठणे कधी मागे पडलं कळलंच नाही. शेड उघडली. मूर्ती ओळीने मांडलेल्या, खाली भाताचा पेंढा, मध्ये पुठ्ठे, एकाही मूर्तीचं बोट मोडलेलं नाही. चोर आणि एवढा नाजूक? मला तिथेच खटकलं.

शेड भाड्याने घेतलेला टेम्पोवाला हाती लागला. त्याला मुद्देमालासकट पेणला आणलं. गडी निवांत. "मी कंपनीचा माल वाहतो साहेब. शेड दुसऱ्याला वापरायला दिली होती. मूर्तीतलं मला काय कळतंय? उभ्या जन्मात कारखाना बघितला नाय." दोन तास हेच तुणतुणं. शेवटी मूर्ती आत ठेवायला सांगितलं. आमच्या हवालदाराने टेबलावरची मूर्ती आशीर्वादाच्या हाताला धरून उचलली, आणि टेम्पोवाला ओरडलाच, "ओ हवालदार, हाताला नका धरू! बुडाखाली हात घाला, निखळेल!" नुसता ओरडला नाही. पुढे होऊन एक हात बुडाखाली, एक पाठीला देऊन त्यानेच ती अलगद खाली ठेवली.

सापडला! मला टाळी वाजवावीशी वाटली. "कुठे शिकलास रे?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला, मग घडाघडा बोलला. लहानपण हमरापूरशेजारच्या गावात, मामाच्या कारखान्यात गेलेलं. पुढे रोह्यात नोकरी सुटली, उनाड संगत लागली. "चोरी संगतीनं शिकवली साहेब. पण मूर्ती कशीबी टाकायला हात धजला नाय."

मजुराला मी स्वतः जीपने वाडीवर सोडायला निघालो. मोठेपणा मिरवायला, दुसरं काय! बाईही बरोबर आल्या. वाटेत म्हणाल्या, "चुकलं रे माझं. उद्यापास्नं सगळ्यांनी कामाला या."

जीप वळणावर आली आणि बघता बघता वाडी रिकामी! बाया चुलीवरचं तसंच टाकून, म्हातारे काठी टेकत, सगळे रानात. "काय झालं रे?" मी विचारलं.

"काय नाय साहेब," तो उतरत म्हणाला. "पोलिसाची गाडी दिसली का पळायचं, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात."

संस्कारांवर मी शाळांतून पुष्कळ भाषणं ठोकली. टेम्पोवाल्याचे हात मामाच्या घराने कसे घडवले, ते रंगवून सांगायचो, पोरं टाळ्या वाजवायची. त्या वाडीला पळायला कुणी शिकवलं, हे मात्र एकाही भाषणात सांगितलं नाही. आम्ही शिकवलं.